अंगावरचे संवेदक नेमके कोणाशी बोलतात?

जून २०२५ मध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी (धाकटे) ह्यांनी तेथील लोकप्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे बोलताना एक इच्छा प्रकट केली. येत्या चार वर्षांत प्रत्येक अमेरिकन नागरिकाच्या अंगावर प्रकृतीची नोंद ठेवणारे एखादे यंत्र असावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी आपले खाते मोठी जाहिरात मोहीम हाती घेणार असल्याचेही त्यांनी सांगितले. ह्या विधानावर तेथे बरीच चर्चा झाली. कोणी त्याचे स्वागत केले, तर ही सारी माहिती जाणार कोठे, असा प्रश्न कोणी विचारला.

आपल्याकडे अशी घोषणा कोणत्याही मंत्र्याने केलेली नाही. परंतु घोषणेची वाट न पाहता ही यंत्रे आपल्या घरांत केव्हाच येऊन पोहोचली आहेत. आखाती देशांतून सुट्टीवर आलेला मुलगा आईवडिलांसाठी पूर्वी ट्रान्झिस्टर आणी, आता तो हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ आणतो. सकाळी फिरावयास निघालेली मंडळी किती पावले झाली ह्याचा हिशेब एकमेकांस ऐकवितात. त्याच रस्त्यावर त्याच वेळी झाडू घेऊन उभ्या असलेल्या सफाई कामगाराच्या मनगटावरही काही शहरांत तसेच घड्याळ बांधले गेले. दोन्ही घड्याळांतील तंत्र बरेचसे सारखेच, पण एक घड्याळ विकत घेतलेले आणि दुसरे बांधलेले. प्रस्तुत लेखात ह्या दोन मनगटांविषयी थोडा विचार करावयाचा आहे.

तंत्राची ओळख थोडक्यात करून घेऊ. घड्याळाच्या पाठीवर जे हिरवे दिवे लुकलुकतात, त्यांचा प्रकाश त्वचेत शिरतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातील रक्त क्षणभर वाढते आणि परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो. ही चढउतार मोजली की नाडी मोजली गेली. पावले मोजण्याचे काम हालचालीचा वेग टिपणारी एक चिमुकली चकती करते. दंडावर चिकटवावयाच्या मधुमेहाच्या संवेदकात केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली राहतो आणि तेथील द्रवातील साखरेचा अंदाज दर काही मिनिटांनी देतो. १९४० च्या दशकात अमेरिकेतील मोंटाना प्रांताच्या नॉर्मन हॉल्टर ह्या संशोधकाने चालत्या माणसाच्या हृदयाचा आलेख प्रथम मिळविला, तेव्हा पाठीवर सुमारे ३८ किलो वजनाचे सामान बांधावे लागले होते. आज तेच काम काही ग्रॅम वजनाच्या पट्टीत होते. ही प्रगती सामान्य नव्हे.

तरीही निरोगी माणसाने अहोरात्र स्वतःचे मोजमाप केल्याने त्याचे आयुष्य वाढते, असे म्हणण्याइतका पुरावा अजून हाती नाही. अमेरिकेतील एका घड्याळ कंपनीच्या साहाय्याने झालेल्या आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,१९,२९७ लोक सहभागी झाले होते. त्यांपैकी केवळ ०.५२ टक्के लोकांना नाडी अनियमित असल्याची सूचना मिळाली. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी पुढे छातीवर पट्टी लावून आलेख काढून घेतला, त्यांतील ३४ टक्क्यांच्या आलेखात दोष आढळला. यंत्र खोटे बोलत नव्हते हे खरे. पण लक्षणे नसलेल्या लोकांची अशी सरसकट तपासणी करावी की नाही हे ठरविण्यास पुरावा अपुरा आहे, असा अभिप्राय तेथील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञमंडळाने २०२२ साली दिला. रात्रीची झोप 'चांगली' झाली की नाही हे सकाळी घड्याळाला विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावयास हरकत नाही.

मग ह्या यंत्रांचे खरे स्थान कोणते? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका डॉक्टरांची कथा आठवते. डॉ. पॉल ब्रँड ह्यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांवर एका मिशनरी कुटुंबात झाला. इंग्लंडमध्ये शल्यविद्येचे शिक्षण घेऊन ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. १९४७ साली त्यांनी चिंगलपेट येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीस भेट दिली आणि रुग्णांचे झडलेले, वाकलेले हात पाहून ते अस्वस्थ झाले. त्या काळी कुष्ठरोगात मांस आपोआप सडते, बोटे गळून पडतात, असाच समज होता. हा समज चुकीचा असल्याचे ब्रँड ह्यांनी दाखवून दिले. रोगजंतू मज्जातंतूंवर आघात करतात आणि त्यामुळे वेदना नाहीशी होते. वेदना नाही म्हणून रुग्ण तापलेले भांडे धरतो, रुतलेल्या खिळ्यासह चालतो, जखमेवर पुन्हा पुन्हा भार टाकतो. बोटांचा नाश करते ती ही बेसावध इजा. गंजलेल्या कुलपाची किल्ली ब्रँड ह्यांना फिरेना, तेव्हा एका किरकोळ मुलाने ती सहज फिरविली आणि त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेल्याचे त्याला कळलेसुद्धा नाही, हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडत, म्हणून पुढे रुग्णांना मांजरे पाळावयास देण्यात आली.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत लुइझियाना प्रांतातील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रयोग आरंभिला. शरीराची हरपलेली वेदना यंत्राने परत आणता येईल का? हातमोजे आणि पायमोजे ह्यांत दाब मोजणारे संवेदक बसविण्यात आले. दाब धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेला की रुग्णाच्या कानात आवाज होई. आज ज्याला अंगावर वागविण्याचा स्पर्शसंवेदक म्हणतात, त्याचाच हा पूर्वज होय. प्रयोग वर्षानुवर्षे चालला आणि शेवटी फसला. संवेदक वारंवार बिघडत हे एक कारण. दुसरे कारण अधिक बोलके होते. रुग्ण आवाजाकडे दुर्लक्ष करू लागले. म्हणून आवाजाऐवजी काखेत विजेचा सौम्य धक्का देण्याची व्यवस्था केली, तर काम अर्धवट राहू नये म्हणून रुग्ण यंत्राचे बटन बंद करीत, काम उरकीत आणि मग बटन पुन्हा चालू करीत. इशारा बंद करण्याची सोय माणसाच्या हाती असेल तर तो इशारा इशारा राहात नाही, ह्या निष्कर्षापर्यंत ब्रँड आले. २००३ साली त्यांचे निधन झाले.

ह्या प्रयोगाने एक गोष्ट मात्र स्पष्ट केली. जेथे शरीराचा स्वतःचा इशारा मुका झालेला असतो, तेथेच बाहेरच्या संवेदकाची खरी गरज असते. मधुमेहात पायांची संवेदना अशीच हळूहळू नष्ट होते आणि चपलेतला खडा दिवसभर टोचूनही कळत नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर येथील संशोधकांनी अशा रुग्णांच्या बुटात दाब मोजणारा तळवा बसविला आणि दाब फार वेळ राहिला की मनगटावरील घड्याळाने सूचना द्यावी अशी व्यवस्था केली. आधी पायाला व्रण होऊन बरा झालेल्या रुग्णांवर हा प्रयोग अठरा महिने चालला. अभ्यास लहान होता, परंतु सूचना मिळणाऱ्यांमध्ये पुन्हा व्रण होण्याचे प्रमाण ७१ टक्क्यांनी कमी आढळले, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. ब्रँड ह्यांचे स्वप्न निदान पायापुरते साकार होण्याच्या मार्गावर आहे, असे म्हणता येईल. जगात दरवर्षी नव्याने आढळणाऱ्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील असतात. असा तळवा त्यांच्या पायांपर्यंत केव्हा येईल, ह्याची चर्चा मात्र फारशी ऐकू येत नाही.

कोविडच्या काळात हाच अनुभव साऱ्या जगाने घेतला. अनेक रुग्णांच्या रक्तातील प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत उतरत असे, तरी त्यांना धाप लागत नसे. शरीराने इशारा दिलाच नाही. तेव्हा बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर घराघरांत आले. धारावीच्या गल्ल्यांतून आरोग्य कर्मचारी ते हातात घेऊन फिरले. हे तंत्र १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी ह्यांनी शोधून काढले होते. ते एप्रिल २०२०मध्ये, म्हणजे त्यांच्या शोधाची जगाला सर्वाधिक गरज असतानाच, निवर्तले.

पण ह्याच यंत्राविषयी डिसेंबर २०२० मध्ये एक अप्रिय सत्य पुढे आले. यंत्र ९२ ते ९६ टक्के प्राणवायू दाखवीत असताना प्रत्यक्षात तो ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते, असे मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी दाखवून दिले. यंत्र प्रकाशावर चालते आणि त्वचेतील रंगद्रव्यही प्रकाश शोषते. चाचण्या मात्र प्रामुख्याने गोऱ्या त्वचेवर झालेल्या होत्या. विविध वर्णांच्या लोकांवर चाचणी घ्यावी अशा सूचनांचा मसुदा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने काढला तो जानेवारी २०२५ मध्ये. आपण भारतीयांनी ह्या बातमीकडे दूरची गोष्ट म्हणून पाहण्याचे कारण नाही, कारण आपली त्वचाही बहुतांशी सावळीच आहे.

आता दुसऱ्या मनगटाकडे वळू. २०१८ च्या सुमारास नागपूर महानगरपालिकेने आपल्या सुमारे आठ हजार सफाई कामगारांच्या हातावर उपग्रहाद्वारे ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली. नवी मुंबई, इंदूर, लखनौ, पंचकुला, चंदीगड अशा शहरांनीही तोच मार्ग धरला. प्रत्येक कामगाराला नेमून दिलेल्या हद्दीत तो आहे की नाही, हे नियंत्रण कक्षातील पडद्यावरच्या नकाशावर दिसे. प्रशासनाची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे मान्य केले पाहिजे. हजेरीपटावर नाव एकाचे, रस्त्यावर भलताच कोणी किंवा कोणीच नाही, हा प्रकार आपल्या पालिकांना नवा नाही. मुकादमाच्या मर्जीवर चालणाऱ्या हजेरीपेक्षा यंत्राची हजेरी बरी, असे प्रामाणिक कामगारालाही वाटू शकते.

परंतु २०२० साली चंदीगड आणि पंचकुला येथील कामगार ह्या घड्याळांविरुद्ध रस्त्यावर आले. यंत्र बिघडले, बॅटरी उतरली किंवा हद्दीची रेषा चुकीची आखली गेली, तरी पगार कापला जातो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. स्त्री कामगारांची तक्रार अधिक गंभीर होती. घड्याळात कॅमेरा आणि ध्वनिग्राहक असल्याचे कळल्यावर, आपण स्वच्छतागृहात असताना पलीकडे कोण पाहात असेल, कोण ऐकत असेल, ह्या भीतीने त्यांचा जीव मुठीत येई. ही भीती वास्तव होती की निराधार, हे ठरविण्याचे कोणतेही साधन त्यांच्या हाती नव्हते. घड्याळ काय पाठवते आहे हे ते घालणाऱ्यास दिसतच नव्हते. येथे ब्रँड ह्यांचा निष्कर्ष पुढे करून कोणी म्हणेल, की जे बंद करता येत नाही तेच यंत्र उपयोगाचे! तथापि, ब्रँड ह्यांचा हातमोजा रुग्णाच्याच कानात बोलत होता आणि त्यांच्या रुग्णाने बटन बंद केले तर नुकसान त्याच्याच बोटांचे होते, मजुरी कोणी कापीत नव्हते. पालिकेचे घड्याळ त्याच्या मालकाशी काहीच बोलत नव्हते. ते केवळ त्याच्याविषयी बोलत होते.

ह्यातील विसंगती आपल्या परिसरातील एका दुर्घटनेने अधिक ठळक होते. एप्रिल २०२४ मध्ये विरार पश्चिमेतील एका वसाहतीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सफाईसाठी उतरलेले चार कामगार मृत्युमुखी पडले. अशा बंदिस्त टाक्यांत आणि गटारांत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साचतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून तो ओळखता येईल असे आपल्याला वाटते. पण प्रमाण वाढले की हा वायू वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे धोका टळला, असे समजून माणूस आणखी एक पायरी खाली उतरतो. पहिला कोसळला की त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. गटारातील मृत्यूंच्या बातम्यांत एकाच वेळी तीन-चार नावे का असतात, ह्याचे उत्तर येथे आहे.

कुष्ठरोग्याचा हात, मधुमेह्याचा पाय आणि गटारात उतरलेल्या माणसाचे नाक, ह्या तिघांची अवस्था एकच आहे: शरीराचा पहारेकरी नेमक्या वेळी झोपी गेलेला असतो. आणि ह्यावर उपाय आहे! छातीच्या खिशाला अडकवावयाचे, मूठभर आकाराचे वायुसूचक यंत्र प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वालाग्राही वायू ह्यांचे प्रमाण एकाच वेळी मोजते. धोका दिसताच कर्कश वाजते आणि थरथरते. तेलशुद्धीकरण कारखान्यांत हे यंत्र कितीतरी वर्षे नित्याचे आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याखालील नियमांत जी सुरक्षासाधने सांगितली आहेत, त्यांत वायुमापक आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातील मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. म्हणजे तंत्र आहे, नियम आहे, न्यायालयाचा आदेशही आहे. तरीही आपल्या शहरांतील सफाई कामगाराच्या अंगावर जो संवेदक सर्वांत आधी आणि हजारोंच्या संख्येने आला, तो त्याचा श्वास राखणारा नसून त्याची हजेरी घेणारा होता. कोणता संवेदक कोणाच्या अंगावर चढतो हे तंत्रज्ञान ठरवीत नाही. पैसे कोण मोजतो आणि त्याला काय हवे आहे, ह्यावर ते ठरते.

कायदा ह्या बाबतीत काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यावयाच्या आहेत. ह्या कायद्याचा पाया संमती हा आहे आणि ते योग्यच आहे. परंतु कलम ७ मध्ये संमतीवाचून माहिती वापरण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत 'नोकरीविषयक प्रयोजन' हेही एक आहे. म्हणजे मुलाने भेट दिलेल्या घड्याळासाठी संमतीचे कवच आणि मालकाने बांधलेल्या घड्याळासाठी पळवाट, असा अर्थ निघू शकतो. न्यायालये ह्या शब्दांचा अर्थ किती संकुचित लावतात, ह्यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत शारीरिक व मानसिक आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती. नव्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. नाडीचा आलेख आणि दूरध्वनी क्रमांक ह्यांना कायद्याच्या लेखी सारखेच वजन आहे. वस्तुतः दूरध्वनी क्रमांक बदलता येतो, हृदय बदलता येत नाही.

केवळ ठावठिकाणा नव्हे, तर मनःस्थितीही मोजण्याची यंत्रे आता आहेत. चीनच्या झेजियांग प्रांतातील जिन्हुआ येथील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला पट्टे बांधून त्यांची एकाग्रता मोजली जात असल्याची दृश्ये २०१९ साली प्रसिद्ध झाली. तेथील जनतेनेच संताप व्यक्त केल्यावर तो वापर थांबविण्यात आला. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शाळांमध्ये यंत्राद्वारे भावना ओळखण्यास बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांपुरता अपवाद ठेवला आहे. हा अपवाद विचारपूर्वक ठेवलेला दिसतो. तेच यंत्र ट्रकचालकाला डुलकी लागत असल्याचे सांगत असेल तर ते चालावे, आणि कामगार कंटाळला आहे असे मालकाला सांगत असेल तर चालू नये, असा भेद त्यात आहे. आपल्या कायद्याला हा भेद अजून करावयाचा आहे.

वसई-विरार पट्ट्यातील अनेक नव्या वसाहतींना आज स्वतःची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत. त्यांची देखभाल कंत्राटदारांकडे असते आणि कंत्राटावर सही करणारी कार्यकारिणी आपल्यापैकीच लोकांची असते. टाकीत उतरण्यापूर्वी वायूची तपासणी होते का, उतरणाऱ्याच्या अंगावर वायुसूचक असतो का, वर उभा असलेला माणूस दोरी धरून असतो का, हे प्रश्न त्या कंत्राटात लिहिलेले असावयास हवेत. केवळ यंत्र विकत घेऊन भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. ह्या यंत्रांतील संवेदक दोन-तीन वर्षांत निकामी होतात आणि प्रत्येक वापरापूर्वी थोडासा नमुन्याचा वायू सोडून ते वाजते की नाही हे पाहावे लागते. न वाजणारे यंत्र छातीवर असणे हे यंत्र नसण्यापेक्षाही वाईट. त्या तपासणीची वही कोठे आहे, एवढे सोसायटीच्या वार्षिक सभेत कोणाही सभासदाला विचारता येते. त्यासाठी मे २०२७ उजाडण्याची आवश्यकता नाही.